अर्धवट खेळाचे पूर्ण पैसे

मंडळी, आजचा विषय बघून आमच्या घरातले काहीजण नक्की हसणार. संगणकावरचे खेळ हा काही माझा प्रांत नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस. पण हा विषय खेळांचा कमी आणि पैशाचा जास्त आहे, आणि दुसऱ्याचा पैसा हातात आला तर तो कसा सांभाळावा हे कळायला की-बोर्डावर बोटं पळावी लागत नाहीत. गेला महिनाभर आमच्या भाच्याशी (तो पुण्यात संगणकवाल्यांच्या कंपनीत आहे) यावरून फोनवर वाद चालू आहे. फोनवर तो मला बोलू देत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. 'अर्ली ॲक्सेस' म्हणजे गेम अर्धवट असतानाच तो विकायला काढायचा. घेणारा पूर्ण पैसे मोजतो आणि आजच, आहे तसा खेळायला लागतो. त्यात चुका सापडतात, मध्येच तो बंद पडतो, पुढचे भाग बनायचे असतात. खेळणारा ते कळवत राहतो, बनवणारा दुरुस्त करत राहतो, आणि दोन-तीन वर्षांनी '१.०' नावाची पूर्ण आवृत्ती येते. ती जुन्या गिऱ्हाइकाला वेगळे पैसे न देता मिळते. स्वीडनच्या मार्कस पर्सनने २००९ साली 'माइनक्राफ्ट' असाच कच्चा असताना विकायला सुरुवात केली. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली, पण जानेवारी २०११ मध्येच दहा लाखांवर प्रती खपून गेल्या होत्या. ते बघून सगळ्यांचेच डोळे विस्फारले. मग मार्च २०१३ मध्ये 'स्टीम' या सर्वांत मोठ्या दुकानाने (त्याची मालक कंपनी व्हॉल्व्ह) बारा गेम घेऊन या प्रकाराचा स्वतंत्र कप्पाच उघडला. आज तिथे असे हजारो गेम येऊन गेलेत.

या पद्धतीला माझा विरोध नाही. आपल्या मराठी प्रकाशकांनी 'प्रकाशनपूर्व सवलत' देऊन कितीतरी जाडजूड ग्रंथ काढले, ते एरवी छापखान्याचं तोंडही न बघते. भांडवल नसलेल्या माणसाला वाचकाने, खेळणाऱ्याने आधी हात द्यावा यात गैर काय? माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. हा पैसा हातात आला की बनवणारे त्याला 'कमाई' म्हणतात. मी म्हणतो ती कमाई नाही, ती उचल आहे. काम पुरं होईपर्यंत त्या पैशावर पहिला हक्क त्या गेमचा. पुढच्या गेमचा नाही, मागच्या कर्जाचा नाही, आणि मालकाच्या नव्या मोटारीचा तर नाहीच नाही.

भाचा म्हणतो, "मामा, ही विक्रीच आहे. त्याने पैसे दिले, त्याला गेम मिळाला. तो अर्धवट आहे असं पानावर ठळक लिहिलेलं असतं. आहे तसा आवडत नसेल तर थांबा, असंही दुकान सांगतं. मग पैसे कुठे खर्च करायचे हे तुम्ही कोण विचारणार? किराणावाल्याला विचारता का, माझ्या साखरेच्या पैशाचं काय केलंस म्हणून?"

नाही विचारत. कारण साखर घरी आणल्यावर किराणावाल्याचं माझ्याशी देणं उरत नाही. इथे उरतं, आणि ते किती उरतं हे गेमवाले स्वतःच लिहून देतात. स्टीमवर अर्ली ॲक्सेसच्या प्रत्येक गेमच्या पानावर बनवणाऱ्याला ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. अर्धवट का विकताय? साधारण किती काळ हा गेम या अवस्थेत राहील? पूर्ण आवृत्ती कशी वेगळी असेल? आत्ता काय स्थिती आहे? किंमत पुढे बदलणार का? खेळणाऱ्यांना कसं सामील करून घेणार? नातवाने मला ही पानं उघडून दाखवली, मी चांगली दहा-बारा वाचली. 'पूर्ण आवृत्ती कशी वेगळी असेल' या प्रश्नाखाली काय काय बहार असते! नवे प्रदेश, नवी पात्रं, दुप्पट कथा. आता मला सांगा, विकायच्या वेळी हे सगळं दाखवायचं आणि जाब विचारला की 'आम्ही फक्त आजची स्थिती विकली' म्हणायचं, याला आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. ठळक इशारा लिहिला की पुढचं सगळं माफ, असं असतं तर मग त्या सहा प्रश्नांची गरजच काय होती?

आणि बरं का, त्या सहा प्रश्नांत एक प्रश्न नाही. पैशाचं काय करणार, हा. मला तरी ही गोष्ट फार बोलकी वाटते.

शाळेत असताना बरीच वर्षं सहलीचं काम माझ्याकडे असायचं. मुलं पैसे आणून द्यायची, मी वहीत नाव लिहून पाकिटात ठेवायचो. त्या पाकिटात एखाद्या वर्षी बरीच रक्कम जमायची. वर्गाच्या खिडक्यांच्या काचा फुटलेल्या असायच्या, फळा रंगवायला झालेला असायचा, नकाशे फाटलेले असायचे. सगळ्या गरजा खऱ्या, सगळ्या मुलांच्याच भल्याच्या. तरी त्या पाकिटातून फळ्याला रंग आणायचा विचार कुणी मांडला असता तर आमच्या शिपायानेही त्याला वेड्यात काढलं असतं. सहल झाली की खर्चाचा कागद फलकावर लागायचा आणि माणशी तीन रुपये उरले तर तीन रुपये परत जायचे. यात कुणाला आपण फार मोठे प्रामाणिक आहोत असं वाटत नसे. सहलीचे पैसे सहलीचे, एवढंच.

भाच्याला हे उदाहरण 'भाबडं' वाटलं. ठीक आहे, भाबडं नसलेलं देतो. बिल्डर. बांधकाम सुरू व्हायच्या आत फ्लॅट विकायचे, एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जागेच्या खरेदीत घालायचे, आणि पहिली इमारत सांगाडा होऊन उभी. हे आपण सगळ्यांनी आपापल्या गावात पाहिलंय. कुणी या बिल्डरांना म्हणालं का की बाबा, विक्रीच झाली, पैसा तुझा, हवा तसा उधळ? शेवटी संसदेने २०१६ साली रेरा कायदा केला. त्यातली तरतूद अशी : फ्लॅटधारकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, ते फक्त त्याच प्रकल्पाच्या बांधकामाला आणि जमिनीच्या किमतीला वापरायचे, आणि काम जितकं पुरं झालं तितक्याच प्रमाणात काढायचे. काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट या तिघांनी लिहून द्यायचं. कायदा आल्याने सगळे बिल्डर संत झाले असं मी म्हणत नाही! पण तत्त्व मान्य झालं. अर्धवट वस्तूचे आगाऊ पैसे म्हणजे विक्रेत्याचं मोकळं उत्पन्न नव्हे. गेमची किंमत फ्लॅटच्या मानाने चिल्लर असते म्हणून कायदा नको हे मला पटतं. पण रक्कम लहान म्हणून तत्त्व बदलतं हे काही पटत नाही.

आता जरा आकडेमोड करू. भाचा म्हणेल मामांनी गणित कधीपासून शिकवायला घेतलं, पण हे चौथीचं गणित आहे. समजा एका गेमची किंमत ५०० रुपये. पहिल्या वर्षात ४० हजार प्रती गेल्या. झाले दोन कोटी. स्टीमचा वाटा साधारण ३० टक्के, म्हणजे ६० लाख गेले. उरले एक कोटी ४० लाख. कर तूर्त बाजूला ठेवू. सहा माणसं कामाला आहेत, पगार, जागा, वीज, यंत्रं सगळं धरून महिन्याला सात लाख खर्च. हा पैसा बरोबर २० महिने पुरतो. गेम व्हायला ३६ महिने लागणार असतील तर १६ महिन्यांचे एक कोटी १२ लाख कुठून आणायचे?

"पुढच्या विक्रीतून," असं सगळे म्हणतात. इथेच तर मेख आहे. ज्यांना हा गेम मनापासून हवा होता, त्यांनी तो पहिल्याच काही आठवड्यांत घेऊन टाकलेला असतो. त्या माणसाला तोच गेम पुन्हा विकता येत नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते, वाचक ती कधी कधी नव्याने घेतोही. इथे मात्र पूर्ण आवृत्ती तुम्हीच त्याला फुकट द्यायचं कबूल केलंय. म्हणजे पैसा सुरुवातीला ढिगाने येतो आणि मग आटत जातो, खर्च मात्र दरमहा तेवढाच. पावसाळ्यात भरलेल्या विहिरीवर उन्हाळा काढायचा आहे हे ज्याला कळतं तो पाणी मोजून उपसतो. पण होतं काय, की पहिल्या महिन्याचा आकडा बघून मंडळींना वाटतं, आता हा असाच येत राहणार. सहाची बारा माणसं होतात. महिन्याचा खर्च १४ लाख, आणि २० महिन्यांचं पाणी दहा महिन्यांत संपतं. माणसं दुप्पट म्हणून गेम काही निम्म्या वेळात होत नाही, कारण नव्या सहांना शिकवण्यात जुन्या सहांचे दिवस जातात. (शाळेत नवे शिक्षक आले की पहिलं सत्र कसं जायचं ते आमच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारा.)

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेतली 'डबल फाइन' ही नावाजलेली कंपनी. तिने ऑक्टोबर २०१३ मध्ये 'स्पेसबेस डीएफ-९' नावाचा अंतराळतळ उभारायचा गेम अर्धवट विकायला काढला. पुढे काय काय करणार याची लांबलचक यादी लोकांसमोर होती. त्याआधी काही गुंतवणूकदारांनी त्यात चार लाख डॉलर घातले होते. ते पहिल्या दोन आठवड्यांच्या विक्रीत वसूल झाले आणि ही बातमी आनंदाने जाहीरही झाली. वर्ष झालं नाही तोच, सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने सांगितलं की आहे त्यात थोडी डागडुजी करून यालाच १.० म्हणणार, आणि पुढचं काम बंद. कंपनीचे प्रमुख टिम शेफर यांनी कारण दिलं ते सरळ होतं : विक्रीतून येतो त्यापेक्षा बनवण्यावर खर्च जास्त होतोय.

मला त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. गेमचा बराच भाग खेळणाऱ्यांना बदलता यावा म्हणून त्यांनी त्याची लिहिलेली आज्ञावली खुली करून दिली, हेही खरं. पण क्रम बघा. ज्यांनी नफ्याच्या आशेने जोखीम पत्करली होती ते दोन आठवड्यांत मोकळे झाले. आणि ज्यांना नफ्यात दमडीचाही वाटा मिळणार नव्हता, फक्त पूर्ण गेम मिळणार होता, ते उरलेली सगळी जोखीम डोक्यावर घेऊन बसले. गुंतवणूकदाराचे पैसे परत करू नयेत असं कुणी म्हणणार नाही. पण गेम पूर्ण करण्यापुरती रक्कम बाजूला काढून मग करावेत. हंडी शिजायच्या आत पहिली पंगत उठवायची आणि बाकीच्यांना करपलेलं वाढायचं ही कसली रीत?

याहून वाईट पाहायचं तर डिसेंबर २०२३ मधला 'द डे बिफोर' बघा. ७ तारखेला गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आला, आणि चार दिवसांत बनवणाऱ्या कंपनीने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. आलेले सगळे पैसे भागीदारांची देणी फेडण्यात जात आहेत, असं त्याच निवेदनात होतं. म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवला उद्याचा गेम, आणि त्याचे पैसे गेले कालच्या कर्जात. पुढे सगळ्यांना पैसे परत मिळायची सोय झाली म्हणून बरं.

मग खर्च कशावर करावा? सगळ्यांत आधी पगार. हे मी मुद्दाम पहिलं लिहितोय, कारण माझं बोलणं ऐकून काहींना वाटेल की मास्तरांना गेमवाल्यांनी उपाशी राहून सेवा करावी असं वाटतं. अजिबात नाही. माणसांना वेळेवर आणि नीट पगार हाच तर गेमवरचा खर्च. मालक स्वतः बसून काम करत असेल तर त्यानेही रीतसर पगार घ्यावा, त्यात लाज कसली? पगार ठरलेला असतो, महिन्याला येतो आणि मोजता येतो. आक्षेप आहे तो 'यंदा बरं चाललंय' म्हणून उचललेल्या ढिगाला.

त्यानंतर कंटाळवाण्या गोष्टी. चुका शोधणारे लोक. जोडीने खेळायचा गेम असेल तर त्याची यंत्रणा चालू ठेवण्याचा खर्च. आणि केलेल्या कामाची दुसरी प्रत. 'प्रोजेक्ट झोम्बॉइड' हा इंग्लंडमधल्या चार जणांनी सुरू केलेला गेम २०११ पासून असाच अर्धवट विकला जात होता. त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या न्यूकॅसलच्या घरी चोरी झाली, दोन लॅपटॉप गेले आणि त्यात न साठवलेलं कितीतरी काम गेलं. लोकांचे पैसे आलेले, आणि लोकांची वस्तू दोन लॅपटॉपात! मी विद्यार्थ्यांचे गुण दोन वह्यांत लिहायचो, एक कपाटात आणि एक घरी. पण या पोरांचं कौतुक असं की ते पळाले नाहीत. गेलेलं पुन्हा लिहून काढलं, आणि आपल्या चुकांवर जाहीर भाषणही दिलं. त्यांचा तो गेम पुढे वर्षानुवर्षं वाढतच राहिला.

आणि राखीव रक्कम. विक्री उद्या शून्य झाली तरी गेम सांगण्यासारख्या मुक्कामाला नेता येईल इतकी. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. खुद्द व्हॉल्व्हनेच २०१४ साली गेमवाल्यांना दिलेल्या नियमांत म्हटलंय की विक्री अगदी थोडी किंवा शून्य झाली तर काम पुढे नेणं परवडणार नसेल तर या कप्प्यात येऊच नका. नियम उत्तम आहे. तो पाळला की नाही हे बघतं कोण, हा प्रश्न विचारायचा नाही.

आता जिथे खर्च करू नये त्याकडे येतो. इथे माझा सर्वांत मोठा राग 'आर्क' या डायनासोरच्या गेमवर आहे. तो जून २०१५ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि तुफान खपला. मूळ गेम अजून अपुरा, चुकांनी भरलेला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने 'स्कॉर्च्ड अर्थ' नावाचा जोडभाग काढला. किंमत वेगळी, २० डॉलर. घर पुरं झालेलं नाही, न्हाणीघराला दार नाही, आणि बिल्डर येऊन सांगतो, गच्चीवर बाग केलीय, हवी असल्यास जादा पैसे. लोक भडकले. कंपनीने समर्थन केलं की जोडभाग हे आमच्या मूळ कल्पनेतच होते. असतील! मूळ गेमही मूळ कल्पनेतच होता ना? पूर्ण आवृत्ती शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये आली. जोडभाग बनवायला लागलेले दिवस, माणसं, पैसा कुठून आला? ज्यांनी पहिल्या गेमसाठी पैसे दिले त्यांच्याकडून. म्हणजे त्यांच्याच पैशातून दुसरी वस्तू बनवून ती पुन्हा त्यांनाच विकली. आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकलं होतं. इथे आवळाही गिऱ्हाइकाचाच.

याच्या शेजारी 'फॅक्टोरिओ' ठेवा. चेक देशातल्या प्राग शहरातली ही मंडळी. २०१३ साली लोकवर्गणीतून सुमारे २१ हजार युरो जमवून त्यांनी सुरुवात केली. २०१६ मध्ये गेम स्टीमवर आला, १.० आलं ऑगस्ट २०२० मध्ये. मधली सगळी वर्षं या आठवड्यात काय केलं, काय जमलं नाही, कशावर भांडलो, हे बहुतेक दर शुक्रवारी लिहून लोकांपुढे मांडत होते. गेमवर सवलत कधी दिली नाही. उलट काम वाढलं तशी किंमत वाढवली. आणि जोडभाग काढला तो मूळ गेम पूर्ण झाल्यावर चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्याची किंमत मूळ गेमएवढी, ३५ डॉलर! कुणाची तक्रार? आधीचं देणं फिटलेलं होतं, आता नवी वस्तू, नवे पैसे. मला या मंडळींबद्दल असा आदर वाटतो की काय सांगू, आणि तो गेम मला पाच मिनिटंसुद्धा खेळता आलेला नाही. सगळीकडे पट्टेच पट्टे सरकत असतात.

भाचा इथे हुकमाचं पान टाकतो : माइनक्राफ्ट. त्याच कंपनीने २०११ च्या मार्चमध्ये, म्हणजे माइनक्राफ्ट पुरा व्हायच्या आत, 'स्क्रोल्स' नावाच्या दुसऱ्या गेमची घोषणा केली होती. मग त्यांनी पाप केलं का? नाही केलं. कारण तोवर त्यांच्याकडे पहिला गेम पूर्ण करून पुन्हा कितीतरी उरेल एवढा पैसा जमला होता, आणि तो त्यांनी आठ महिन्यांत पूर्ण केलाही. माझ्या बोलण्याचा अर्थच तो आहे. आधी पहिल्याची बेगमी, मग उरलेल्याचं काय हवं ते करा, मी विचारणार नाही. पण माइनक्राफ्टचं नाव घेऊन जे दुसऱ्या गेमला हात घालतात त्यांच्यातल्या किती जणांच्या खात्यात माइनक्राफ्टएवढा पैसा असतो?

मोठ्या कंपन्यांचं आणखी वेगळं. बेल्जियमच्या लॅरियनने 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये पूर्ण किमतीला, ६० डॉलरला, अर्धवट विकायला काढला. दिला होता फक्त पहिला अंक. तीन वर्षं घेतली, माणसं चारशेच्या वर गेली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जे हातात आलं त्यात पैसा कुठे गेला ते ज्याला त्याला दिसत होतं. याउलट 'कर्बल स्पेस प्रोग्राम २'. पाठीशी टेक-टूसारखी बलाढ्य कंपनी. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला आला. वर्ष-सव्वा वर्षात, एप्रिल २०२४ च्या अखेरीस, बनवणाऱ्यांचं सिॲटलमधलं कार्यालय बंद करून सत्तर जणांना काढत असल्याची बातमी आली. आणि गेम? तो दुकानात तसाच, त्याच किमतीला, लवकरच पुढचे भाग येणार अशा यादीसकट. काम करणारी माणसं घरी पाठवलीत ना, मग निदान पैसे घेणं त्या दिवशी थांबवा! एवढ्यासाठी चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही.

दुकानदारालाही मी सोडणार नाही. स्टीम पूर्ण गेमवर जो वाटा घेतं तोच अर्धवट गेमवर घेतं. पैसे परत मिळायची मुदत चौदा दिवस आणि त्यातही खेळून दोन तासांच्या आत. पूर्ण वस्तूला ही मुदत ठीक. अर्धवट वस्तूची खरी फसवणूक कळते दीड वर्षाने, काम थंडावल्यावर. फेब्रुवारी २०२५ पासून एक केलंय : गेमला वर्षभर हात लागला नसेल तर पानावर तसा इशारा दिसतो. बरं झालं. पण बारा वर्षांनी इशारा, आणि पैसा मात्र पहिल्या दिवसापासून. ज्याच्या हातून सगळा पैसा जातो त्याला रेरासारखं काहीतरी करणं सहज शक्य आहे. गेमवाल्याने स्वतः सांगितलेल्या टप्प्यांप्रमाणे निम्मी रक्कम हळूहळू सोडायची. टप्पा आला, रक्कम गेली. ज्याला हे नको त्याने अर्ली ॲक्सेस न म्हणता गेम सरळ पूर्ण म्हणून विकावा आणि टीका ऐकून घ्यावी.

"पण मामा, खोलीत दोन पोरं बसून गेम बनवतात, ती कुठे हिशेब मांडत बसणार?" त्या दोन पोरांनीच मांडला पाहिजे. जर्मनीतल्या एका जोडप्याने 'क्यूब वर्ल्ड' २०१३ च्या जुलैमध्ये कच्चा असताना विकला, आणि मग जवळजवळ सहा वर्षं गप्प. पूर्ण आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये. ते काम करत नव्हते असं मुळीच नाही. पण पैसे दिलेल्या माणसाला सहा वर्षं काही कळू नये? मला ताळेबंद नको. वर्षातून दोनदा एक पान लिहा : इतके आले, दुकानाने इतके घेतले, इतके पगारात गेले, आणि आज जे उरलेत त्यात अजून इतके महिने काम चालेल. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. नवीन गिऱ्हाईक पैसे द्यायच्या आधी ती वाचेल आणि काय ते ठरवेल. भाच्याला ही ओळच सर्वांत धोक्याची वाटते. सात महिने उरलेत असं लिहिलं तर कुणी घेणारच नाही, म्हणतो. म्हणजे सात महिनेच उरलेत हे लपवल्यावरच विक्री होते, हे त्याने आपल्या तोंडाने कबूल केलं की नाही?

आमच्या नातवाने गेल्या वर्षी वाढदिवसाच्या पैशातून असाच एक गेम घेतला. नाव लिहीत नाही. गेले अकरा महिने त्यात काही नवीन आलेलं नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "आबा, असंच असतं." नऊशे रुपयांचं मला काही वाटत नाही. तेरा वर्षांच्या पोराला हे इतकं साहजिक वाटतं, त्याचं वाटतं. बनवणारी कंपनी दरम्यान दुसऱ्या गेमची जाहिरात करते आहे. ती जाहिरात त्यालाच दाखवली जाते.

भाच्याचा शेवटचा मुद्दा उरला. असे नियम लावले तर निम्मे गेम कधी सुरूच होणार नाहीत, असं तो म्हणतो. कदाचित होणार नाहीत. त्यातले किती आज पूर्ण होतात, तेवढं त्याने मला सांगावं. आणि फोनवर नको, लिहून पाठव रे बाबा. फोनवर तू मध्येच 'मीटिंग आहे' म्हणतोस.